सातचं पाणी

आमचे हे गावाला पाणी सोडायचे. नळखात्यात त्या कामाला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण लोक यांना ‘सातवाले’ म्हणायचे, कारण सकाळी सात म्हणजे सात. पाच मिनिटं उशीर झाला की गल्लीतल्या बायका माझ्याकडे असं बघायच्या, जसं काही मीच पाणी घरात दडवून ठेवलंय. मीही कमी नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा माझा जुना स्वभाव. ‘टाकीला जाऊन विचारा, माझ्या कमरेला नळ नाही,’ असं सुनवायची. पण आतून बरं वाटायचं. आपल्या माणसाची वाट अख्खं गाव बघतंय म्हटल्यावर कोणाला बरं वाटणार नाही?

त्याआधी हे नऊ वर्षं परमुलखात होते, इमारतींच्या कामावर. एका खोलीत आठ जण, आणि आठांना मिळून एक दिवसाआड एक पिंप पाणी. पिंप उन्हात उभं, म्हणून पाणी कोमट आणि त्याला प्लॅस्टिकचा वास. त्यातच अंघोळ, त्यातच कपडे, त्यातच पिणं. एकदा एकाने दुसऱ्याच्या वाटणीच्या पाण्याने पाय धुतले म्हणून डोकं फुटेपर्यंत मारामारी झाली. हे सगळं मला परत आल्यावर कळलं. फोनवर नऊ वर्षं ‘सगळं झकास आहे’ एवढंच.

इकडे आमची लेक चार वर्षांची होती ती तेराची झाली. लहानपणी यांना ती ‘फोनमधले बाबा’ म्हणायची. सासूबाई गेल्या तेव्हा हे येऊ शकले नाहीत. छत गळलं, लेकीचा हात मोडला, मला कावीळ झाली, सगळ्याला मी एकटी आणि माझं शिवणाचं मशीन. लोक म्हणायचे, ‘वहिनी खंबीर आहेत हो.’ खंबीर कसली बोडक्याची. दुसरं कोणी नव्हतं म्हणून उभी होते.

परत आले त्या दिवशी यांनी पिशव्याही खाली ठेवल्या नाहीत धड. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनगट पाण्याखाली धरून उभे राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी म्हटलं, ‘अहो, वाया जातंय, बंद करा.’ तर म्हणाले, ‘थंड आहे गं.’ मी चहा टाकला.

मग कौतुकाचा जो सपाटा सुरू झाला तो काही विचारू नका. हात केला की बस थांबते, याचं कौतुक. औषधाच्या दुकानात जाऊन ‘पोटात गुरगुरतंय’ म्हटलं की तो माणूस न समजावता बरोबर गोळी काढून देतो, याचं कौतुक. न्हावी कात्री चालवताना यांच्या आईची आठवण काढतो, याचं. आणि सकाळी संडासासाठी रांग नाही, हे तर रोज एकदा म्हणायचेच. मी एकदा वैतागून म्हटलं, ‘अहो, ही काय कौतुक करायची गोष्ट झाली?’ तर म्हणाले, ‘तू नऊ वर्षं रांगेत उभी राहा आणि मग मला सांग.’

नळखात्यात टाकीवर माणूस हवाय कळलं तेव्हा पहिला अर्ज यांचा. नोकरी एकेका वर्षाची. दर वर्षी नळखात्याचे साहेब कागदावर सही करणार, तर पुढचं वर्ष. आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या एजंटचा फोन, ज्याने यांना पहिल्यांदा परदेशी पाठवलं होतं. ‘जागा आहे, कधी निघताय?’ गोड आवाजाचा माणूस. सही आहे तोवर हे त्याला नाही म्हणू शकत होते. सही गेली की काय म्हणायचं, ते आम्ही दोघं कधी बोललो नाही. माझ्या शिवणावर घर चालत नाही हे दोघांनाही माहीत होतं. फोन वाजला की माझ्या पायाखालचं मशीन आपोआप थांबायचं.

टाकीवरचं काम तसं सोपं, पण जोखमीचं. पहाटे जायचं, औषधाची पावडर कालवून पाण्यात सोडायची, थोडं थांबायचं, मग टाकीच्या बाजूच्या छोट्या नळाने मगभर पाणी काढून त्याचा वास घ्यायचा. औषधाचा हलका वास आला पाहिजे, दुसरा कसला येता कामा नये. तसं पाण्यात थेंब टाकून रंग बघायची बाटलीही असते, पण ती संपली होती आणि ‘मागवली आहे’ हे उत्तर वर्षभर तेच होतं. त्यामुळे सगळी भिस्त नाकावर. वास बरोबर असला की वहीत ‘ठीक’ लिहायचं, व्हॉल्व्हला लोखंडी चावी घालायची आणि सातला पाणी सोडायचं.

गेल्या वर्षी यांना ताप आला. आठवडाभर अंथरुणात होते, उठले, कामाला लागले. पुढे पंधरा दिवसांनी मी बाहेरच्या खोलीत गणवेश शिवत होते आणि हे ओट्यापाशी लसूण सोलत बसले होते. मला गॅसचा वास आला. पळत आत गेले तर शेगडी विझलेली, बटण उघडं, आणि हे हातभर अंतरावर निवांत. बटण बंद केलं, खिडकी उघडली. म्हटलं, ‘अहो, वास येत नाही?’

‘कसला?’ म्हणाले.

कांदा कापून नाकाशी धरला. निलगिरीचं तेल धरलं. रॉकेलचा बोळा धरला. हे प्रत्येक वेळी माझ्या तोंडाकडे बघायचे, मीच उत्तर सांगेन अशा आशेने. मग खाली बसले आणि म्हणाले, ‘पंधरा दिवस मी वहीत काय लिहितोय?’

उद्याच साहेबांना सांगून टाकतो म्हणाले. थांबा म्हटलं ते मी. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. सहीला तीन महिने होते. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात कधी कधी नाक परत येतं. तोवर माझं आहे की. एवढं मोठं दिलंय देवाने, लग्नात तुमच्या आत्याने नावं ठेवली होती, आता उपयोग होऊ दे.

म्हणून आम्ही रोज पहाटे जोडीने टाकीवर जाऊ लागलो. हे पाणी काढायचे, मी वास घ्यायची, ‘ठीक’ म्हणायची, हे लिहायचे. गल्लीत सांगितलं, फिरायला जातो. शेजारची, भिंगरीची आई, मला चिडवायची, ‘वहिनी, लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हातात हात घालून?’ भिंगरी म्हणजे तिची चार वर्षांची पोर. एका जागी उभी राहीन तर शपथ, म्हणून मीच ते नाव ठेवलं होतं. ती आमच्या दोन घरांमधल्या बुटक्या भिंतीवर चढून ‘काकू पाणी आलं’ ओरडायची, जसं काही मला माहीत नाही.

तीन महिने असे काढले. वर हसायची, पण जीव टांगणीला. जेवताना, शिवताना, सारखं आपलं नाक तपासायची. वहीत ‘ठीक’ लिहिताना यांचा हात अडायचा, ते मला दिसायचं. एकदा म्हणाले, ‘हे बरोबर नाही गं.’ मी म्हटलं, ‘अजून पंचवीस दिवस.’ मग वीस. मग दहा.

आणि साहेबांचा निरोप आला, परवा अकरा वाजता या, सही करून टाकू. सहीच्या आदल्या दिवसाची पहाट. मी उठले तर नाक चोंदलेलं. साधी सर्दी, पण दोन्ही नाकपुड्या गच्च. निलगिरी हुंगली, तिचाही पत्ता नाही. हे बूट घालत होते, गुणगुणत होते. कित्येक महिन्यांनी गुणगुणताना ऐकलं. मला सांगवेना.

वाटभर मनात तेच. सांगितलं तर हे पाणी सोडणार नाहीत, मी ओळखून होते. पाणी सुटलं नाही तर साहेब येणार, का म्हणून विचारणार, आणि सगळं बाहेर पडणार, सहीच्या आदल्या दिवशी. नव्वद दिवस पाणी ठीक होतं, ते आजच कसं बिघडेल? असं मी स्वतःला समजावलं. टाकीवर यांनी पाण्याचा मग पुढे केला. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ. मी मग नाकाशी नेला, रोज जेवढा वेळ धरते तेवढा वेळ धरला, आणि म्हटलं, ‘ठीक आहे.’

यांनी लिहिलं. सातला पाणी सुटलं.

पावणेआठला भिंगरीची आई भिंतीपाशी आली. ‘वहिनी, आज पाण्याला वास येतोय का हो?’

आणि तोंडातून काय बाहेर पडावं? मी म्हटलं, ‘तुमचं पिंप घासायला झालं असेल, बघा आधी.’ हसत म्हटलं वर. ती बिचारी ओशाळली, ‘असेल बाई’ म्हणून आत गेली. ते हसणं आठवलं की आजही मला माझ्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

आत येऊन लेकीच्या नाकाशी पेला धरला. तिने तोंड वाकडं केलं. ‘शी, आई, गटाराचा येतोय.’ मी यांना फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर लागला. हे टाकीकडे धावले, चावी फिरवून पाणी बंद केलं, खात्याची गाडी काढून गल्लोगल्ली ओरडत फिरले, की पाणी पिऊ नका, भरलेलं ओतून टाका. मी भिंतीवरून हाका मारल्या, पण भिंगरीची आई पोरीला बालवाडीत सोडायला गेली होती. पोर घरून दोन पेले पाणी पिऊन गेलेली. रोज पळत येऊन प्यायची तशी.

दुपारी सापडलं, टाकीकडे येणारा मोठा पाइप ओढ्याच्या पुलाखाली तडकला होता आणि ओढ्यातलं घाण पाणी त्यात शिरलं होतं. संध्याकाळपर्यंत अकरा माणसं आजारी पडली. दहा जणांचं घरीच औषधावर निभावलं. भिंगरीला दवाखान्यात ठेवावं लागलं, हाताला सलाईन. मी दारापर्यंत गेले आणि परत आले, आत जायचं धाडस झालं नाही. ती रात्र कशी काढली ते माझं मला माहीत. हे माझी समजूत घालत होते, ‘अगं, तू वास घेतलास ना, तेव्हा नसेल आला. पाइप नंतर तडकला असेल.’ मी कुशीवर वळून झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी दवाखान्यातून कळलं, पोरीच्या उलट्या थांबल्यात. अकराला आम्ही साहेबांच्या खोलीत. मला बोलावलं नव्हतं, मीच मागे लागून गेले. टेबलावर टाकीची वही होती, आणि तिच्याशेजारी तो सहीचा कागद.

साहेब माणूस वाईट नाही. रात्रभर तेही धावत होते, डोळे लाल झालेले. म्हणाले, ‘पाइप फुटला तो काही तुम्ही फोडला नाही. सातला वास नव्हता, पाइप त्यानंतर तडकला, एवढं लिहून द्या. वहीतही ठीक आहे. वरच्यांना तेवढं पुरे.’ आणि कोरा कागद पुढे सरकवला.

लिहा हो, असं मनातल्या मनात म्हणत होते. खरंच म्हणत होते, खोटं कशाला सांगू. पोर बरी होतेय, पाइप फुटला होता, कोणाला काय कळणार आहे?

यांनी कागदाला हात लावला नाही. ‘साहेब, मला वासच येत नाही,’ म्हणाले. ‘तापानंतर नाक गेलं. तीन महिने लपवलं. काल अंदाजाने पाणी सोडलं. चूक माझी एकट्याची.’

माझं नावसुद्धा घेतलं नाही. तीन महिने रोज पहाटे बरोबर चाललेल्या बायकोला पार पुसून टाकलं, मी वाचावं म्हणून. मग मात्र मला राहवलं नाही.

‘खोटं बोलतायत,’ मी म्हटलं. ‘रोज वास मी घ्यायची. लपवायला मीच लावलं. आणि काल माझं नाक बंद होतं. मला काहीसुद्धा कळत नव्हतं. तरी मी ठीक म्हटलं.’

हे वळले. माझ्याकडे असं बघितलं की नऊ वर्षांत एकदाही इतक्या लांबून बघितलं नसेल.

‘का, बाई?’ साहेबांनी विचारलं.

‘सही हुकली असती म्हणून. सही हुकली की हे परत परदेशी जाणार. मला पुन्हा एकटीला राहायचं नव्हतं, साहेब. घरात दुसऱ्या माणसाच्या चपला दिसल्या की बरं वाटतं मला. तेवढ्यासाठी मी गावाला घाण पाणी पाजलं.’

साहेबांनी सहीचा कागद उचलला आणि खणात टाकला. चौकशी होईल म्हणाले, आणि टाकीचं दार आता विसरा. मग डोळे चोळत म्हणाले, ‘पाइप खणायच्या टोळीत माणसं कमी आहेत. रोजावर. नाक लागत नाही. उद्यापासून येणार असाल तर या.’

हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी फावडं घेऊन जायचे, संध्याकाळी मातीने माखून यायचे, जेवून उठायचे. लेक आमच्या मधून दबक्या पावलांनी फिरायची. तिसऱ्या दिवशी हात धुताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मला सांगायचं होतंस.’

‘सांगून? तुम्ही गेला असतात.’

‘कोण म्हणालं? मी तिकडे काय करत होतो, दगडच फोडत होतो ना? इथले फोडले असते.’ टॉवेलला हात पुसत राहिले, कोरडे झाले तरी पुसत राहिले. ‘इथले दगड फोडून इथलं पाणी प्यायला मिळत असेल तर मी कशाला जातोय मरायला. पण तू मला विचारलंस कधी?’

नव्हतं विचारलं. इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी ओट्याला टेकून रडले, चांगली हमसून रडले, आणि यांनी थांबवलं नाही.

यांचं माझं असं मिटलं. शेजारचं मिटणं एवढं सोपं नव्हतं. पाचव्या दिवशी भिंगरी घरी आली. गाव लहान, साहेबांच्या खोलीतलं बोलणं आमच्या आधी गल्लीत पोचलेलं. तिची आई मला बघून तोंड फिरवायची. फिरवू दे, हक्क आहे तिचा. वास येतोय म्हणून विचारायला आलेल्या बाईला मी तिचंच भांडं घाण ठरवलं होतं. माफी मागायला दोनदा दारात गेले, दोन्ही वेळा आतून कडी लागली.

दहा-बारा दिवस गेले. टाकीवर दुसरा माणूस आला, थेंबांची बाटलीही एकदाची आली. लोकांचं पाणी पुन्हा चालू झालं, पुन्हा पाच मिनिटं उशीर झाला की कुरकुरही चालू झाली. मी मात्र सातला नळाचा आवाज आला की आत जाऊन बसायची.

एका सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. ‘वहिनी.’

बाहेर आले. भिंगरीची आई हातात पेला घेऊन उभी. पोरीचाच छोटा पेला, काठोकाठ भरलेला. मागे पोर तिच्या कपड्याला धरून, हातावर अजून सुईची निळी खूण.

‘वास घ्या,’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘आता बाटलीने तपासतात हो. माझी काय गरज?’

‘तुम्ही घ्या.’

मी पेला घेतला. नाकाशी धरला. थोडं पाणी मनगटावर सांडलं. एकदा घेतला, पुन्हा घेतला. औषधाचा हलका वास होता, बाकी काही नव्हतं. तरी तिसऱ्यांदा घेतला. ती माझ्या तोंडावरची नजर काढेना.

‘स्वच्छ आहे,’ मी म्हटलं.

‘नक्की?’

‘नक्की.’

‘मग प्या.’

मी प्यायले. तिच्या देखत अख्खा पेला संपवला. मग तिने पेला माझ्या हातातून घेतला, आत जाऊन पुन्हा भरून आणला आणि पोरीच्या हातात दिला. पोरीने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पेला तोंडाला लावला. अर्धा प्यायली, उरलेलं पाणी तिथेच अंगणात ओतलं आणि खेळायला पळाली.